पूर्वेच्या कोपऱ्यातलं पाणी

मला भुताखेताचं काही सांगू नका. मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, पुण्यात पाणी तपासणीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काढली आहेत, आणि आमच्या वाडीतल्या बायका ज्या पिंपळाखालून तोंडात पदर धरून जातात, त्याच पिंपळाखाली बसून मी डबा खाल्लेला आहे. तरी खाणीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात उतरायची वेळ आली की मी आधी खाकरायची. आत कुणी बसलंय आणि आपण न सांगता शिरतोय, असं वाटायचं. का वाटायचं ते सांगते, पण मध्ये बोलू नका. मध्ये बोललेलं मला चालत नाही.

खाण आमचीच. पौडच्या अलीकडं, डोंगराच्या पायाशी. वडील गेल्यावर माझ्या धाकट्या भावाने, इंद्रजितने, ती जमीन दगडासाठी दिली. नेरे-हिंजवडीकडं इमारती उठत होत्या, दगडाला मरण नव्हतं. मग चांगला दगड संपला, क्रशर उठला आणि मागं राहिला दोन एकरांचा चाळीस फूट खोल खड्डा. त्यात पाणी साठलं. इथवर सगळं ठीक होतं. बायका गोधड्या धुवायच्या, धनगरांची मेंढरं पाणी प्यायची.

त्यानंतर टँकर यायला लागले. कुठल्या कारखान्याचे ते मला आजही ठाऊक नाही, पण लोखंड तेजाबात धुतल्यावर जे उरतं ते त्यात असायचं. दिवस मावळायच्या सुमाराला यायचे, पूर्वेच्या उतरणीवरून मागं मागं जायचे, पाण्यात पाइप सोडायचे आणि निघून जायचे. परवानगी इंद्रजितची. मी सुट्टीला गावी आले की बघायची, पाणी दर खेपेला जास्तच सुंदर झालेलं असायचं. हिरवंगार, नितळ, तळाचा दगड न् दगड दिसावा असं. त्यात बेडूक नाही, शेवाळ नाही, काठाला गवताची काडी नाही. लोक हौसेनं फोटो काढायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण पुढं माझं नवऱ्याशी फाटलं, लॅबही सुटली आणि मी भावाच्या घरात दोन खोल्यांत येऊन राहिले. ज्याच्या छपराखाली राहायचं त्याला त्याच्या पाण्याबद्दल विचारायचं धाडस होत नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईलासुद्धा झालं नाही.

खाणीवर राखणीला पिराजी होता. खाणीपलीकडं आमच्याच जमिनीवर धनगरांची दोन घरं आहेत, त्यातलं एक त्याचं. म्हातारी आई गोजराबाई, बायको तुकाबाई, धाकटा भाऊ दादासाहेब. मेंढरं दादासाहेब राखायचा आणि पिराजी खाणीवर रोजाने यायचा. हसरा माणूस. मला लांबून बघितलं तरी काठी वर करायचा. पाच वर्षांपूर्वी चैत्रात एका संध्याकाळी तो घरी आला नाही. मी तेव्हा नुकतीच माहेरी आले होते. पोलिसांत नोंद झाली. इंद्रजित स्वतः वाडीतल्या दोघांना घेऊन लवासापर्यंत जाऊन आला, तिथल्या अर्धवट इमारतींवर राखणदार लागतात म्हणून. त्या रस्त्याला कुणीतरी पिराजीला चालत जाताना पाहिलं, असंही त्यानंच येऊन सांगितलं. सगळ्यांनी मान्य केलं. पाण्यात बघा असं कुणी म्हणालं नाही, कारण पाण्यातलं सगळं वरूनच दिसत होतं. फक्त पूर्वेचा कोपरा दिसत नव्हता. तिथं उतरण खचली म्हणून इंद्रजितने दुसऱ्याच दिवशी सहा डंपर राडारोडा ओतून घेतला होता.

त्याच आठवड्यापासून टँकर बंद झाले. इंद्रजित खाणीकडं फिरकेनासा झाला. शेतात जायला वळसा घालून जायचा, संध्याकाळ झाली की पूर्वेच्या खिडक्या लावून घ्यायचा. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

आता कौलाचं सांगते. खाणीच्या काठावर साती आसरा, पाण्याच्या देवी, आहेत; सात शेंदरी दगड. पूर्वी ते झऱ्यापाशी होते. खाणीने झरा गिळला तेव्हा लोकांनी दगड उचलून वर काठावर मांडले. माणूस घर सोडून गेला आणि त्याचा पत्ता लागेनासा झाला, की आमच्याकडं घरची बाई आसरांच्या पाण्यात कुंकू कालवते आणि थोरल्या आसरेला टिळा लावते. टिळा तांबडा राहिला तर माणूस सुखरूप आहे. उतरला तर गेला. जुन्या बायका सांगायच्या, टिळा उतरल्याचं कुणी पाहिलेलं नाही. उतरणारच कसा? घरी केलेलं कुंकू आणि साधं पाणी. मागं राहिलेल्या बाईला धीर यावा म्हणूनच कुणा शहाणीने ही रीत काढली असणार.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी तुकाबाईनं कौल लावला. सगळी वाडी जमली होती. हळकुंडाला चुना चढवून गोजराबाईनं कुंकू घरी केलेलं. तुकाबाईनं वाटीत खाणीचं पाणी घेतलं, चिमूट सोडली, बोटानं कालवलं. आमच्या डोळ्यांदेखत ते तांबडं कुंकू विटत विटत गेलं आणि पिवळंधमक झालं. थोरल्या आसरेच्या शेंदरावर पिवळा टिळा उमटला. गोजराबाई मटकन खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी जमीन चाचपायला सुरुवात केली, काहीतरी सांडल्यासारखी. तुकाबाई मात्र उभीच होती. डोळ्यांत टिपूस नाही. बायका म्हणाल्या, पोरीला धक्का बसलाय.

मी केमिस्ट्री शिकलेली, मीही दोन पावलं मागं सरले. अंगावर सरसरून काटा आला होता. आजही त्याची लाज वाटते.

पिराजीचे दिवस घातले. वर्ष उलटल्यावर तुकाबाईचा दादासाहेबाशी पाट लावला, आणि तो गोजराबाईनंच पुढं होऊन लावला. घरातली सून घरात राहिली, असं ती म्हणायची. पुढच्या वर्षी समीक्षा झाली. आता ती अडीच वर्षांची आहे, बापासारखी गोल चेहऱ्याची, आणि बोलायला लागल्यापासून थांबलेली नाही.

शरदचंद्र सर आले ते समीक्षा रांगत होती तेव्हा. पुण्यातल्या कॉलेजात शिकवतात, खराब झालेलं पाणी सुधारायचं वेड आहे. खाणीचं पाणी झिरपून खालच्या दोन विहिरी नासल्या अशी तक्रार गेली होती, तिच्या मागोमाग ते आले. त्यांनी कागदाची पट्टी पाण्यात बुडवून माझ्या हातात दिली. आंबटपणाचा आकडा तीनच्या खाली; चांगल्या पाण्याचा सात असतो, जितका खाली तितकं पाणी आंबट. पट्टी तांबडी होत गेली आणि मला एकदम पिवळं कुंकू आठवलं. हळदीला चुना लागला की ती तांबडी होते. आंबट लागलं की परत पिवळी. हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, हे घरातल्या पोरीबाळींनाही माहीत असतं. त्या पाण्यात कुणाच्याही नावाचं कुंकू पिवळंच झालं असतं, माझ्यासुद्धा.

म्हणजे कौल खोटा होता. म्हणजे पिराजी जिवंत असू शकत होता. आणि त्याची बायको त्याच्या भावाच्या घरात पोर घेऊन बसली होती. मी मूग गिळून गप्प बसले. सरांना म्हणाले, तुमच्याकडं काम असेल तर मला द्या.

काम मिळालं. सर म्हणाले, विकतची रसायनं नकोत, मातीतलं बिघडलंय ते मातीतल्याच वस्तूंनी दुरुस्त करू. काठाने लांब चर खणला. पहिल्या टप्प्यात चुनखडी, मुठीएवढे खडे. खाणीचं पाणी पंपाने उचलून तिच्यावरून सोडायचं, चुनखडी आंबटपणा खाते. दुसऱ्या टप्प्यात संथ हौद, तिथं पाण्यातलं लोखंड तांबूस गाळ होऊन खाली बसतं. तिसऱ्या टप्प्यात पांढऱ्या गारा. त्यांना झिओलाइट म्हणतात. आमच्या काळ्या दगडाच्या पोटात त्या असतातच; खाणवाले त्या राडा म्हणून फेकून द्यायचे. सरांनी त्याच ढिगातून वेचून, फोडून, धुऊन घेतल्या. पाण्यात उरलेले जड धातू त्या पकडून ठेवतात. त्याच खाणीचा टाकलेला दगड त्याच खाणीचं पाणी धुणार, हे मला फार आवडलं. मी गारा वेचायला उन्हात बसायची तेव्हा जरा बरं वाटायचं.

पण चुनखडीचं एक आहे. तिच्यावर गंजाचा थर चढतो आणि मग ती नुसतीच बसून राहते. दर आठवड्याला फावड्यानं उलथीपालथी करावी लागते, खडे एकमेकांवर घासले की साल निघते आणि ती परत कामाला लागते. हे काम मी दीड वर्ष केलं. माझे हात बघा.

पाणी सुधारत गेलं. आधी गढूळलं, तांबडं झालं, लोक म्हणाले बघा कसं नासवलं. मग निवळलं. रोज सकाळी मी काठाने फिरून सात ठिकाणी मोजायची. तीन, चार, साडेपाच, सात. गेल्या श्रावणात पहिला बेडूक दिसला आणि मी त्याच्याशी बोलले. सहा ठिकाणी पाणी गोड झालं. सातवी जागा पूर्वेचा कोपरा. तिथं रोज चार. जवळ चुनखडी टाकली, तरी चार. सर म्हणाले, राड्याखाली टँकरचा जुना गाळ दबलाय, झिरपत राहणार, वेळ लागेल. बरोबर आहे, मलाही पटतं. पण त्या कोपऱ्यात उतरले की मानेवरचे केस उभे राहायचे. एकदा मीटर बुडवून बसले असताना मागून मेंढरं हाकलल्यासारखा आवाज आला, जीभ टाळ्याला लावून काढतात तसा. वळून बघितलं तर काठ रिकामा. मेंढरं त्या बाजूला फिरकतच नव्हती.

मग लोकार्पणाचं ठरलं. पाणी शुद्ध झालं, गावाच्या हवाली करायचं. मांडव, माईक, जमीनमालक म्हणून इंद्रजितला शाल-श्रीफळ. हे ऐकून गोजराबाई काठी टेकत माझ्याकडं आली. तिचं म्हणणं साधं होतं. मागचा कौल बाटलेल्या पाण्याचा होता, आसरा रुसलेल्या होत्या, त्या खरं कसं सांगतील? आता तूच म्हणतेस पाणी निर्मळ झालं, तर त्या दिवशी परत कौल लावायचा. म्हातारी चुकत होती आणि बरोबरही होती, माझ्या डोक्याचा भुगा झाला. सरांना कळलं तर ते खूष झाले, म्हणाले लोकसहभाग म्हणतात तो हाच. त्यांचंही काय चुकलं? खाली उतरायला कुंपण आहे, किल्ली माझ्याकडं, त्यामुळं कौलाचा तांब्या मीच भरून आणायचा असं ठरलं.

टिळा तांबडा राहणार हे मला माहीत होतं. आणि म्हातारी त्याच क्षणापासून दारात बसून पिराजीची वाट बघणार. तुकाबाई नवरा जिवंत असून दिराकडं राहिलेली बाई ठरणार, समीक्षाला काय काय ऐकावं लागेल ते सांगायला नको.

आदल्या दिवशी दुपारी मी चुनखडी उलटत होते तेव्हा तुकाबाई आली. समीक्षा कडेवर झोपलेली. मग म्हणाली,

"ताई, उद्याच्याला तांब्या उगवतीच्या कोपऱ्यातनं भरा."

मी फावडं थांबवलं. तो कोपरा अजून आंबट आहे हे सर आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, मेंढरं तिथं अजून तोंड लावत न्हाईत. मग माझं डोकं सटकलं. मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, तुझा संसार टिकावा म्हणून तू जिवंत माणसाला दुसऱ्यांदा मारायला निघालीस, त्या म्हातारीच्या तोंडाकडं तरी बघ. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिचा कान झाकला.

"त्यो जित्ता न्हाई, ताई," ती म्हणाली. "म्या बघितलंय."

पुढचं तिनं खाली बघत सांगितलं. त्या संध्याकाळी ती पिराजीला भाकरी घेऊन आली होती. त्या आठवड्यात त्यांची अकरा मेंढरं पाणी पिऊन मेली होती आणि पिराजीनं ठरवलं होतं, टँकर खाली जाऊ द्यायचा नाही. तो उतरणीवर टँकरच्या मागं जाऊन उभा राहिला, हात आडवे करून. इंद्रजित ड्रायव्हरच्या दाराशी होता. तो म्हणाला, घे मागं, सरकंल त्यो. पिराजी सरकला नाही. उतरणीचा काठ खचला आणि पिराजी त्याच्यासकट खाली गेला, आणि ड्रायव्हरच्या हातानं घाबरून की कसा, पाइपचा कॉक सुटला, सगळं त्याच्या अंगावर. ती म्हणाली, त्यो लई वरडला न्हाई. टँकर निघून गेला. इंद्रजितने मागं वळून बघितलं तर ही भाकरीचं फडकं धरून उभी. त्यानं तिच्यापुढं हात जोडले. मग हात खाली घेतले आणि सांगितलं, तुमचं घर आमच्या जमिनीवर हाय, तेवढं ध्यानात ठेव.

"कुनाला सांगू? सासूला सांगितलं आसतं तर ती तुमच्या दारात डोकं आपटून मेली आसती आन आमी रस्त्यावर. पर त्यो मेलाय ह्ये तर घराला कळाया पायजे का न्हाई? म्हातारी रोज त्याचं ताट वाढायची. म्हनून आसरांच्या तोंडानं वदवलं."

त्या पाण्यानं तोंड धुतलं की कपाळाचं कुंकू पिवळं होतं, हे ती रोज बघत होती. माझ्या कितीतरी आधी तिला ठाऊक होतं. केमिस्ट्री मी शिकले आणि वापरली तिनं.

मी तिला म्हणाले, कोपऱ्यातूनच भरीन. खरं सांगते, म्हणताना मला हायसं वाटलं. टिळा पिवळा होणार, म्हातारीला कळलेलंच परत कळणार, तुकाबाईचं घर राहणार, माझा भाऊ राहणार, माझ्या दोन खोल्या राहणार. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. घरी गेले. इंद्रजित ओसरीवर उद्याचा पांढरा शर्ट हँगरला लावत होता. आक्का जेवलीस का, म्हणाला. मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव भरला. सरांनी चुनखडी आणि गारांवर भाषण केलं, चांगलं केलं, पण निम्म्या लोकांचं लक्ष आसरांकडं होतं. इंद्रजितला शाल घातली. पाच वर्षांत पहिल्यांदा तो खाणीच्या काठावर उभा होता, पाण्याकडं पाठ करून. गोजराबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. तिनं कुंकवाचा करंडा उघडून मांडीवर धरला आणि पितळी तांब्या माझ्या हातात दिला. तिचा हात गरम होता.

मी कुंपण उघडून पूर्वेच्या कोपऱ्यात उतरले. सवयीनं खाकरले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा असं वाटलं, की खाकरल्यावर कुणीतरी जरा सरकून मला जागा दिली. मी राड्यावर गुडघे टेकले. पाणी स्वच्छ होतं. खाली दगड, दगडांवर तांबूस साय, आणि त्याच्याखाली काय ते मला माहीत होतं. तांब्या तिरका केला. पाणी काठाला लागलं तेवढ्यात मनात आलं, हा आज परत मरणार आणि परत इथंच राहणार. वर सगळे वरण-भात खायला जातील. आणि मी दर आठवड्याला येईन, चुनखडी उलटीन, ह्याच्यावरचं पाणी गोड करीन, आणखी गोड करीन, एक दिवस कोपराही सात दाखवील आणि मग कुणालाच काही कळायचं कारण उरणार नाही. मला तिथं बसून रडू आलं. भावाचं आलं की पिराजीचं, ते सांगता येत नाही. दोघांचंही असेल.

तांब्या रिकामाच वर आणला.

गोजराबाईनं आत बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. माईक सुरू होता की नाही माहीत नाही, माझा आवाज तसाही मोठा आहे.

"मावशी, कौल लावू नका. पाण्याला काही कळत नाही. पिराजी ह्या कोपऱ्यात आहे, राड्याखाली. टँकर मागं घेताना खाली गेला. माझा भाऊ तिथं उभा होता, त्यानंच राडा टाकला."

इंद्रजित म्हणाला, आक्काचं डोकं फिरलंय, नवऱ्यानं टाकल्यापासून ती अशीच आहे. लोकांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, ते त्याचंच ऐकणार. तुकाबाईचं नाव मी घेतलं नव्हतं आणि घेणार नव्हते. पण ती बायकांतून उठली. समीक्षाला तिनं दादासाहेबाच्या हातात दिलं आणि सासूसमोर येऊन उभी राहिली.

"म्या बघितलंय, आत्या. त्या दिशीच बघितलंय."

सगळ्यांना वाटलं म्हातारी तिच्या तोंडात मारणार. मलाही वाटलं. गोजराबाईनं सुनेकडं इतका वेळ बघितलं की कुणीतरी पोरगी रडायला लागली. मग तिनं करंड्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं का बघितलं, आणि मला विचारलं,

"कल्पना, ह्ये पानी आता वड्याला सोडलं तर चालतंय का?"

पाच वर्षं ती खाण उपसायचं कुणी नावही काढू शकलं नव्हतं. ओढा खालच्या गावांत जातो, सगळी शिवारं जळून गेली असती. आणि मी दीड वर्ष चुनखडी उलटली होती.

"चालतंय, मावशी," मी म्हणाले.

"मंग उपसा."

इंद्रजित खुर्चीत बसला होता, शाल खांद्यावर तशीच. तिसऱ्या दिवशी पोलीस त्याला घेऊन गेले. माझी ट्रंक भावजयीनं त्याआधीच ओसरीवर आणून ठेवली होती, आणि तिचंही बरोबर आहे. मी पंपाच्या खोलीत राहायला गेले. त्याला लहानपणी मीच पोहायला शिकवलं होतं, हे त्या खोलीत सारखं आठवायचं.

तीन पंप सहा दिवस चालले. गोजराबाई सकाळी येऊन काठावर बसायची ती दिवस मावळल्यावर उठायची. मला एका गोष्टीची धास्ती होती आणि ती मी फक्त सरांना बोलले. आंबट पाणी हाडं खातं. पाच वर्षं म्हणजे फार झाली. सर हळूच म्हणाले, काही नसेलही. तुकाबाईनं मला विचारलं, काय तरी घावंल का ताई? माझ्या तोंडाला कधी लगाम नसतो, पण त्या वेळी मी एवढंच म्हणाले, माहीत नाही.

सातव्या दिवशी पोकलेनने राडा उचलला. खाली चिखल होता, तांबूस, दाट. माणसं फावडी घेऊन उतरली. दुपारच्या सुमाराला दादासाहेब ओरडला. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात एक गमबूट होता. खाणीवर कामगारांना द्यायचे तसला काळा. चिखलानं काठोकाठ भरलेला. त्याने तो बूट दोन्ही हातांनी आडवा धरून आणला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

हवालदार बरा माणूस होता. म्हणाला, आजी, पंचनामा करायचाय, बूट ओतून आत काय हाय ते बघावं लागंल. तिनं ऐकलं नाही. तो परत म्हणाला. तिनं पदर ओला केला आणि बुटाची टाच पुसायला लागली, सावकाश, तान्ह्याचा पाय पुसावा तशी. हवालदारानं तिसऱ्यांदा हात पुढं केला तेव्हा तिनं वर बघितलं.

"थांब लेका जरा," ती म्हणाली. "आत्ता कुटं आलाय त्यो."